विश्लेषण : फाउंटन पेन ‘स्वदेशी’ आहे का, हे तपासणारे कुमारप्पा कोण होते?

महात्मा गांधींनी १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून आंध्रातल्या राजमहेंद्रीला एक छोटे पत्र पाठवले. के. व्ही. रत्नम या कारागिराने बनवलेले फाउंटन पेन त्यांना मिळाले होते. ते वापरून पाहिल्याचे, आणि बाजारात दिसणाऱ्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटत असल्याचे त्यांनी कळवले. मजकूर एवढाच. पण रत्नम पेन वर्क्सच्या पुढच्या पिढ्यांनी हे पत्र वंशावळीसारखे जपले.

त्या पत्रात आणखी एक नाव आहे. पेन ज्यांच्यामार्फत गांधीजींच्या हाती आले, त्या जे. सी. कुमारप्पा यांचे. लंडनमध्ये शिकलेला एक हिशेब तपासनीस वर्ध्याच्या मगनवाडीत राहून एका पेनाच्या स्वदेशीपणाची शहानिशा का करत होता? आणि त्याच माणसाने पुढच्या चार वर्षांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शेकडो खेड्यांचा जो हिशेब मांडला, त्याचा यवतमाळशी काय संबंध?

कॉर्नेलियसचे कुमारप्पा कसे झाले?

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात, घर सुस्थितीतले, वळण कडक. मुलाने लंडन गाठले आणि हिशेब तपासणीचे शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध संपल्यावर आईच्या आग्रहाखातर तो परतला आणि मुंबईत नोकरी, मग स्वतःचा व्यवसाय करू लागला. राहणी पूर्ण साहेबी. १९२७ मध्ये अमेरिकेला गेला तोही देशकार्याचा विचार मनात घेऊन नव्हे.

सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन कॉर्नेलियस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास सुरू झाला. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकले ते याच सेलिगमन यांच्याकडे, काही वर्षे आधी.) भारत गरीब का, या विषयावर कॉर्नेलियस यांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिले. त्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले, ते सेलिगमन यांच्या वाचनात आले आणि त्यांनी शिष्याला याच प्रश्नावर प्रबंध लिहायला लावला. ब्रिटिश सरकारची जमाखर्चाची पुस्तके पाहताना या तरुणाला जे दिसले, त्याने त्याची झोप उडाली. कर गोळा होतो खेड्यातून आणि खर्च होतो लष्करावर, कर्जाच्या व्याजावर, साहेबांच्या पगार-पेन्शनवर. रकाने नीट जुळत होते. लुबाडणूक त्या रकान्यांतच होती.

१९२९ मध्ये ते परतले, ते खानदानी कुमारप्पा हे नाव पुन्हा लावूनच. प्रबंध छापायला प्रकाशक हवा होता. कोणीतरी गांधीजींकडे जायला सुचवले. ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला पोचले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, झाडाखाली एक म्हातारा चरखा चालवत बसला होता. भेटीची वेळ व्हायला अवकाश होता, म्हणून कुमारप्पा काठी टेकून त्याच्याकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्यानेच ओळख विचारली तेव्हा उलगडा झाला की हेच गांधी. तंग विजारीत जमिनीवर बसताना त्यांची जी तारांबळ उडाली, ती ते पुढे रंगवून सांगत.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि लेखकालाही ठेवून घेतले. पहिले काम दिले ते खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन कुमारप्पा घरोघर फिरले. शेतकऱ्याचे उत्पन्न किती, खर्च किती, सारा किती, कर्ज किती. कोलंबियात जे सरकारच्या बाजूने पाहिले होते, ते आता चुलीच्या बाजूने पाहायला मिळाले. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’ सांभाळल्याबद्दल तुरुंगवासही झाला.

बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. राजेंद्रबाबूंसोबतचे ते काम आणि तिथला एक प्रसंग कार्यकर्त्यांमध्ये बरीच वर्षे चर्चेत होता. स्वयंसेवकांच्या जेवणाला रोज ठरावीक तीन आणे मंजूर होते. गांधीजी आणि त्यांची मंडळी पाटण्याला यायची होती. कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्ट कळवले की त्यांचा खर्च भूकंपग्रस्तांच्या पैशातून होणार नाही. गांधीजींनी ते मान्य केले. महात्म्याचे बिल नामंजूर करणारा माणूस गांधीजींना अशा ठिकाणी हवा होता, जिथे भावनेच्या भरात हिशेब सुटण्याचा धोका मोठा होता.

मगनवाडीत काय चालायचे?

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे संघटक-चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर संघाला दिले. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तोवर त्यांचा मुक्काम याच मगनवाडीत होता.

इथे रोजचे विषय होते तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, ताडाचा गूळ, मधमाश्या, हातकागद. घाणीच्या बैलाला कमी ताण कसा पडेल, रॉकेलऐवजी गावच्या तेलावर कंदील कसा जळेल, यांवर प्रयोग चालत. रॉकेलवरच्या कंदिलाला पर्याय म्हणून तयार झालेला ‘मगनदीप’ इथलाच. कुमारप्पांचे बंधू भारतन हेही याच कामात होते.

खेड्यातून कच्चा माल जातो आणि पक्का होऊन परत येतो, तेव्हा मधल्या प्रत्येक टप्प्यावरची मजुरी बाहेरच्याला मिळते, एवढा साधा हिशेब या साऱ्यामागे होता. तेलबिया गिरणीला विकल्या की तेल विकत घ्यावे लागते, आणि पेंडही गावात राहत नाही. मग जनावर उपाशी, खत कमी, शेत नापीक. कुमारप्पा हे सगळे खतावणीसारखे मांडत.

आणि अशा जागी एक दिवस फाउंटन पेन आले.

फाउंटन पेन हा खेड्याचा प्रश्न होता का?

तसा तो नव्हताच. गावात बोरू आणि दौत होती. तलाठी, मास्तर, दुकानाचा मुनीम यांच्याकडे टाक असे, म्हणजे लाकडी दांड्याला लावलेली पोलादी निब. ती दर ओळीला दौतीत बुडवावी लागे. झरणी, म्हणजे स्वतःच्या पोटात शाई बाळगणारे फाउंटन पेन, ही वकील, अधिकारी, प्राध्यापक यांच्या खिशातली चीज होती. अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतले, १८८८ मध्ये पार्कर आले, इंग्लंडहून स्वान येऊ लागले. भारतातल्या बाजारावर याच नावांचे राज्य होते.

पण स्वराज्याची सारी लिखापढी या वर्गाच्याच हातून होत होती. खादीचा सदरा घालायचा, त्याच्या खिशाला विलायती पेन अडकवायचे आणि त्याच पेनाने विलायती मालावरच्या बहिष्काराचा ठराव लिहायचा, ही विसंगती कोणालाही दिसण्यासारखी होती. गांधीजींचा स्वतःचा ओढा बोरूकडे होता. पत्रव्यवहाराचा डोंगर उपसायचा म्हणून झरणीला पर्याय नाही, ही त्यांची अडचण होती.

देशी पेन बनवण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. बनारसचे डॉ. राधिकानाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत ‘लक्ष्मी’ नावाचे स्टायलो पेन आणले. शाईच्या बाबतीत मुंबई पुढे होती. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर आणि कंपनी सुरू केली, ‘घोडा छाप’ शाईची पूड आणि गोळ्या विकल्या, आणि मग झरणीसाठी ‘कॅमल’ शाई आणली. त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. पाण्याविना लांबवर चालणारा उंट ही पोटात शाई भरून चालणाऱ्या पेनाला शोभेशी खूण होती. बंगालमध्ये मैत्र बंधूंची ‘सुलेखा’ शाई १९३४ ची. थोडक्यात, शाई देशी झाली होती. पेन अडून बसले होते.

रत्नम यांचे पेन का अडले?

राजमहेंद्री हे गोदावरीकाठचे शहर. नाशिकला उगम पावून मराठवाडा ओलांडत गेलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी इथे मैलभर रुंद होते. याच शहरात रत्नम यांनी १९३२ मध्ये पेनांचा कारखाना काढला. कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत अशी, की असहकाराच्या दिवसांत रत्नम गांधीजींना भेटले आणि देशासाठी काय करू असे त्यांनी विचारले. सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू देशात बनवावी, टाचणीपासून पेनापर्यंत काहीही, असा सल्ला मिळाला. रत्नम यांनी त्यातले अवघड टोक उचलले.

अवघड कसे, हे समजायला पेन उघडून पाहावे लागते. नळी आणि टोपण एबोनाइटचे. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले की काळे, कडक, लाकडासारखे कातता येणारे द्रव्य तयार होते, ते एबोनाइट. त्याची कांडी लेथवर धरून बाहेरून आकार द्यायचा, आतून पोकळ करायची आणि आटे पाडायचे. आटे सैल पडले तर सदऱ्यावर शाई, घट्ट पडले तर टोपण फुटते. इथवर कुशल हात पुरतो.

निबच्या खाली असते जीभ. तिच्यात केसाएवढे बारीक चर पाडलेले असतात. त्या चरांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर नळीत जाते. हवा कमी गेली तर पेन कोरडे पडते, जास्त गेली तर गळते. झरणीचे सगळे गुपित या चरांत आहे. पार्कर, वॉटरमन यांच्या पेटंटांचा मोठा भाग याच दोन बोटांच्या तुकड्याभोवती फिरतो.

आणि सर्वांत वर निब. त्या काळच्या शाईत लोहाचे क्षार आणि आम्ल असे, त्यामुळे साधे पोलाद काही दिवसांत खाल्ले जाई. म्हणून चांगली निब सोन्याची, बहुधा १४ कॅरेटची. सोने मऊ, कागदावर घासून झिजणार, म्हणून टोकाला अतिशय कठीण धातूचा कण जोडायचा. मग त्या टोकाला मधोमध चीर द्यायची, दोन्ही पाती एका पातळीत आणायची आणि कागदावर अडखळणार नाहीत इतकी घासायची. विलायतेतले कारखानेही हे काम वर्षानुवर्षे मुरलेल्या हातांकडेच देत.

साहजिकच सुरुवातीच्या काळात देशी म्हणवणाऱ्या पेनांत निब विदेशी असे. रत्नम यांची पहिली पेनेही याला अपवाद नव्हती, असे सांगतात. वर्ध्याहून ७ नोव्हेंबर १९३३ रोजी निघालेली हरिजन यात्रा आंध्रात पोचली, तेव्हा रत्नम यांनी आपले पेन गांधीजींना भेट द्यायचा प्रयत्न केला. भाग बाहेरचे आहेत हे कळल्यावर ते स्वीकारले गेले नाही.

नकार कठोर होता. पण तो सोडून दिला असता तर काय झाले असते, हेही पाहायला हवे. त्या काळात स्वदेशी हा शब्द विकला जात होता. परदेशातून सुटे भाग आणायचे, इथे जोडायचे आणि वर राष्ट्रीय नाव छापायचे, हा धंदा काड्यापेटीपासून औषधांपर्यंत चालू होता. १९३४ मध्ये गांधीजींनी स्वदेशीची व्याख्याच आवळून घेतली. देशी गिरण्यांना आपल्या प्रचाराची गरज नाही, ज्यांना वाली नाही त्या छोट्या उद्योगांकडे लक्ष द्यायला हवे, असा त्यांचा रोख होता. मग प्रमाणपत्र द्यायचे तर ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न उभा राहिला, आणि तिथे कुमारप्पा कामी आले.

हिशेब तपासनिसाला पावती लागते. कोणत्या भागाचा कच्चा माल कुठून आला, कोणी घडवला, मजुरी कुठे राहिली, हे विचारायची त्यांना सवयच होती. कुमारप्पांनी काम स्वतः पाहून खात्री करून घेतली, असे राजमहेंद्रीत आजवर सांगितले जाते. रत्नम यांनी दरम्यान निबसह सारे पेन इथेच घडवायचे कसब कमावले होते. १९३५ मध्ये ते पेन कुमारप्पांच्या हातून मगनवाडीत आले, गांधीजींनी वापरले, आणि मग पत्र गेले. आधी नाकारलेल्या माणसाला दीड-दोन वर्षांनी मिळालेली ही दाद असल्याने तिचे मोल जाहिरातीपेक्षा कितीतरी मोठे होते.

यात एक गंमत आहे. हातसडीच्या तांदळासाठी झटणाऱ्या संस्थेने सोन्याच्या निबच्या पेनावर शिक्का मारला, हे वरवर विचित्र दिसते. पण रत्नम यांचे पेन एका वेळी एक, एका माणसाच्या हातून, छोट्या लेथवर होत होते. कारागिराचे कसब आणि त्याची कमाई एकाच जागी राहत होती. कुमारप्पांच्या कसोटीला ते तेलघाणीइतकेच उतरत होते.

तोच हिशेब वऱ्हाडाला लावला तेव्हा?

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची सरकारे आली. वर्धा मध्य प्रांतात आणि यवतमाळ वऱ्हाडात, पण दोन्हींचे सरकार नागपुरात एकच होते. या सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि कुमारप्पांना अध्यक्ष केले. मोठमोठ्या कारखान्यांची यादी आणि भांडवलदारांच्या मुलाखती अशी पाहणी अपेक्षित असते. कुमारप्पांनी ६०६ खेड्यांची पाहणी करवली. मातरमध्ये जे एका तालुक्यापुरते केले, ते आता प्रांतभर झाले. अहवाल १९३९ मध्ये आला. त्यात खेड्यांतले धंदे होते, तसेच जंगल, खनिजे आणि ऊर्जेची साधने यांचाही विचार होता.

वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा इथे, पेनाला लावलेला प्रश्न कापसाला लावणे सोपे होते. वऱ्हाड कापसासाठी जगात ओळखला जाई. सरकी काढायचे जिनिंग इथे, गाठी बांधायचे प्रेसिंग इथे, पण सूत आणि कापड बहुतेक बाहेर. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची रेल्वे कापूस मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठीच टाकली होती. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये बनलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. ज्या शहराच्या नावाने कापड येई, त्याच शहराचे इंजिन कापूस न्यायला आले होते. याहून नेमकी खतावणी कुमारप्पांनाही लिहिता आली नसती.

जंगलाचेही तेच. पुसदला १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला, तो गवत कापण्याच्या हक्कासाठी. कुमारप्पांचे म्हणणे होते की सरकारने जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहू नये. बांबू, लाख, गवत, लाकूड यांवर ज्यांचा धंदा चालतो त्या कारागिरांची गरज आधी भागायला हवी. अणे यांचा लढा कायद्याचा होता, कुमारप्पांचा मुद्दा अर्थशास्त्राचा, आणि दोन्ही एकाच माळरानावर येऊन मिळत होते.

अहवालाचे पुढे काय झाले? दुसरे महायुद्ध सुरू झाले, १९३९ अखेर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि शिफारशी कपाटात गेल्या. त्याच सुमारास राष्ट्रीय नियोजन समितीतही कुमारप्पा होते. तिथे मोठ्या उद्योगांचे आराखडे होऊ लागल्यावर ते थोड्याच दिवसांत बाहेर पडले.

तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात काय आहे?

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना पुन्हा कैद झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरे चिरंतन टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेवर. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे दुसरे पुस्तक १९४५ चे. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे, आणि त्यात त्यांनी कुमारप्पांना ग्रामोद्योगाची आणि धर्मशास्त्राची अशा दोन डॉक्टरेट स्वतःच्या अधिकारात देऊन टाकल्या. थट्टेतली असली तरी पदवीच.

या पुस्तकाची मांडणी आज वाचली तरी ताजी वाटते. निसर्गातले व्यवहार कुमारप्पा पायऱ्यांत लावतात. बांडगूळ ज्या झाडावर वाढते त्यालाच मारते. माकड आयत्या बागेतली फळे खाते, पण झाड मरत नाही. मधमाशी मध घेते, बदल्यात फुलाला फळ धरायला मदत करते, आणि जमवते तेही पोळ्यासाठी. शेवटच्या पायरीवर पिलाला भरवणारी पक्षीण, जिला परतफेड नकोच असते. माणसाचा कोणता धंदा यातल्या कोणत्या पायरीवर बसतो, हे मग वाचकाने ताडून पाहायचे. कोळसा, खनिज तेल यांसारखे साठे संपणारे, तर पाऊस, ऊन, वाढणारे झाड हे वाहते धन, आणि साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था भांडणे लावते, हा विचारही यात आहे. पर्यावरण हा शब्द राजकारणात यायला अजून पंचवीस-तीस वर्षे होती.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पा काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. कसणाऱ्याकडे जमीन आणि धारणेवर कमाल मर्यादा, असा १९४९ च्या अहवालाचा रोख होता. पण दिल्ली आता मोठी धरणे, पोलाद आणि रासायनिक खते यांच्या बाजूने झुकली होती, आणि कुमारप्पांना दोन शब्द गोड बोलणे जमत नसे. ते एकटे पडत गेले. वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोह इथे त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. तब्येत ढासळल्यावर ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीला गेले. लग्न केले नव्हते, मालमत्ता नव्हती. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती.

आणि पेनाचे काय झाले?

रत्नम यांच्या पेनाला स्वातंत्र्यानंतर काही काळ चांगले दिवस आले. परदेशी मालाच्या आयातीवर बंधने होती, त्यामुळे देशी पेनांना बाजार मिळाला. मुंबईत विल्सन होते, कॅमलिननेही शाईच्या जोडीला पेने काढली. शाळेत झरणीच वापरायची, बॉलपेनाने अक्षर बिघडते, असा मास्तरांचा दंडक महाराष्ट्रात कितीतरी वर्षे टिकला.

पुढे दोन तडाखे बसले. १९६३ पासून सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि सोन्याचे काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराचे हात बांधले गेले. त्यापाठोपाठ स्वस्त बॉलपेन आले. वापरा आणि फेकून द्या. निब घासून देणारा, जीभ साफ करणारा, पेनाला नवे टोपण बसवणारा दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावातूनही दिसेनासा झाला. कॅमलिनमधली निम्म्याहून अधिक मालकी २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. कारखाने इथेच राहिले. पेन स्वदेशी ठरवायला पूर्वी निब पाहावी लागे, आता भागभांडवलाची यादी पाहावी लागते.

रत्नम यांचे काम मात्र राजमहेंद्रीत थांबलेले नाही. घराण्याच्या पुढच्या पिढ्या एबोनाइटची कांडी लेथला लावून आजही पेने कातून देतात, आणि जुन्या पेनांचे शौकीन ती दूरवरून मागवतात. विक्री कारखान्याच्या मानाने नगण्य. पण कारागीर, कसब आणि कमाई अजूनही एकाच छपराखाली आहेत.

कापसाचा हिशेब याहून कडू निघाला. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरल्यावर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत यवतमाळ होते आणि कुमारप्पांचे वर्धाही होते. बियाणे बाहेरचे, खत-फवारणी बाहेरची, आणि कापसाचा भाव ठरणार तोही बाहेर. कोलंबियात बसून कॉर्नेलियस नावाच्या विद्यार्थ्याने जमाखर्चाच्या ज्या दोन बाजू तपासल्या होत्या, त्यांतली चुलीकडची बाजू अजून तशीच आहे.

मगनवाडीतले मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झाले. ते आजही खुले आहे आणि चरखे, ग्रामोद्योगाची अवजारे तिथे पाहायला मिळतात. यवतमाळहून कळंब, देवळीमार्गे वर्ध्याला पोचले की ते शहरातच, कुमारप्पा मार्गावर आहे.